फळ्यावरून गाळलेलं वाक्य

मिस्त्रींच्या लेकीनं वहीत दोन वाक्यं लिहिली होती. त्यातलं एक मी शाळेच्या फाटकाजवळच्या फळ्यावर लिहिलं आणि दुसरं गाळलं. गाळा, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. फळ्यावर जागा कमी होती, असंही नाही. पुढे विचारणा झाली तेव्हा मी म्हणालो की पोरीनंच तसं लिहून दिलं होतं. पहिली चूक घाईत झाली. दुसरी मी खुर्चीत बसून, पाणी पिऊन, नीट विचार करून केली. या दोन्ही चुका त्या बापलेकीनं अडीच महिने सोसल्या आणि मी त्यांच्या डोळ्यांदेखत मोकळा फिरलो. हे लिहायला बसलो ते मन हलकं करायला नाही. त्या दोघांचे आभार मानायचे आहेत, आणि ते मानायचे तर आधी हे सगळं सांगावंच लागेल.

मी रिसोड तालुक्यात, केनवडच्या पुढच्या एका गावातल्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवतो. मूळचा मंगरूळपीरकडचा, आसेगावचा. राहायला रिसोडला, येणं-जाणं मोटरसायकलनं. नोकरीला बावीस वर्षं झाली. त्यातली पहिली बरीच वर्षं मी पोरांकडून नुसते शब्द पाठ करून घेतले. रोज दहा शब्द आणि त्यांचे अर्थ. पोरांना शब्द यायचे, पण वाक्य करायला सांगितलं की सगळ्यांची गाडी एकाच क्रियापदावर येऊन थांबायची. आपण चहा करतो, अभ्यास करतो, आंघोळ करतो, चूक करतो, फोन करतो, लग्नसुद्धा करतो. पोरं त्या सगळ्याला 'डू' लावायची. डू टी, डू बाथ, डू मिस्टेक. मी लाल पेनानं खोडायचो आणि वर 'मेक' किंवा 'टेक' लिहून द्यायचो. असं का, हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

एकदा नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, इंग्रजीत आंघोळ घेतात म्हणता. कोणापासून घेतात?" वर्ग हसला, मीही हसलो. पण त्या संध्याकाळी घरी जाताना मला माझीच भाषा ऐकू यायला लागली. आपण हाक मारतो, पण कुणाला लागत नाही. आपण गप्पाही मारतो, थापाही मारतो. राग येतो, झोप लागते. आठवण काढतो, दृष्टही काढतो. शपथ घेतो आणि शब्द मात्र देतो. यातलं एकही मी पाठ केलेलं नव्हतं. आई ओट्यावर उभी राहून मारायची ती हाक. वडील तूर वेचता वेचता, गेलेल्या भावाची काढायचे ती आठवण. हे शब्द माझ्याकडे जोडीजोडीनं आले होते, आणि प्रत्येक जोडीबरोबर कुणीतरी माणूस आलं होतं. मग पोरांना इंग्रजी असं का देऊ नये, असं मनात आलं.

तेव्हापासून आमच्या परिपाठात 'आजचा शब्द' बंद झाला आणि 'आजची जोडी' सुरू झाली. मी एक जोडी द्यायचो आणि दुसऱ्या दिवशी पोरांनी त्या जोडीचं वाक्य आणायचं. अट एकच होती. वाक्य पुस्तकातलं चालणार नाही. आपल्या घरात, शेतात, गावात खरोखर घडलेलं पाहिजे. खाली दोन ओळी मराठीत, की हे कधी झालं आणि कसं झालं.

त्या वह्यांनी मला जे दिलं ते माझ्या सगळ्या प्रशिक्षणांनी मिळून दिलं नाही. 'मिस द बस' दिलं तर एकीनं लिहिलं, आमच्या गावात आम्ही बस चुकवत नाही, बसच आम्हाला चुकवते. 'लूज युवर टेम्पर'ला एकानं तुरीत शिरलेली वानरं आणली. आजीचं टेम्पर गेलं आणि वानरांमागे फेकलेली एक चप्पलही गेली. 'पे अटेन्शन'ला आलं, बाबा बातम्यांकडे लक्ष देतात, आई बाबांकडे देत नाही. 'टेल अ लाय'ला एका पोरानं सरळ लिहिलं, काल मी सरांना गृहपाठ झाला असं सांगितलं. मी त्याला शिक्षा केली नाही. वाक्य बरोबर होतं.

रोजचं सगळ्यांत चांगलं वाक्य मी फाटकाजवळच्या फळ्यावर लिहायचो. फळा रस्त्याकडे तोंड करून आहे आणि समोरच बस थांबते. वर इंग्रजी, खाली त्याचं मराठी आणि सगळ्यात खाली ज्याचं वाक्य त्याचं पूर्ण नाव, हजेरीत असतं तसं. म्हणजे मुलाचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. मला वाटायचं की हा मान आहे. वडिलांनाही तसंच वाटायचं. बाजाराला निघालेला बाप फळ्यापाशी थांबायचा, आपलं नाव वाचायचा, मोबाईलमध्ये फोटो काढायचा. कुणी कुणी तो दिवसभर स्टेटसला ठेवायचा. शेजारच्या शाळांतले शिक्षक बघायला येऊ लागले. तालुक्याच्या शिक्षक मेळाव्यात हा उपक्रम मांडा, असं मला सांगण्यात आलं. मी फुगलो होतो. ते तेव्हा कळलं नाही.

आता मिस्त्रींबद्दल. बुद्धविहाराकडे जाणाऱ्या वळणावर त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या आणि बोअरमधल्या मोटरी जळल्या की शेतकरी त्यांच्याकडे आणतात. आतली जळलेली तार काढायची, नवी तांब्याची तार वेढ्यावेढ्यानं भरायची, वार्निश लावून वाळवायची. हरभरा-गहू उभा असताना मोटर बंद पडली तर एकेक दिवस महत्त्वाचा असतो. त्यात शेताची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. म्हणून त्या धंद्यात गिऱ्हाईक काम बघतं त्याहून जास्त वार बघतं. मिस्त्रींनी मंगळवार सांगितला की शेतकरी मंगळवारचा मजूर सांगून ठेवायचा. चार गावांतून लोक त्यांच्याकडे यायचे ते याच एका गोष्टीसाठी. दिलेला वार हा माणूस पाळतो, ही त्यांची सगळी कमाई होती. बोलणं कमी. तार भरताना तर नाहीच.

त्यांची मुलगी नववीत माझ्या वर्गात होती. डिसेंबरमध्ये एका आठवड्यात मी 'कीप अ प्रॉमिस' ही जोडी दिली आणि पुढच्या आठवड्यात 'ब्रेक अ प्रॉमिस'. तिनं दुसऱ्या जोडीसाठी दोन वाक्यं लिहिली. पहिल्याचा अर्थ, माझ्या वडिलांनी एका शेतकऱ्याला दिलेला शब्द पाळला. दुसऱ्याचा अर्थ, म्हणून त्यांनी मला दिलेला शब्द मोडला. खाली मराठीत हकीकत होती. अनसिंगला तिच्या मावशीच्या बाळाचं बारसं होतं. आई दोन दिवस आधी गेलेली. हिनं स्वतःच्या हातानं बाळाला टोपडं शिवलं होतं. रविवारी सकाळी बाबा गाडीवर नेणार असं ठरलं होतं. पण एका शेतकऱ्याला त्यांनी रविवार दुपारचा वायदा केलेला होता, कारण त्या आठवड्यापुरतीच दिवसाची लाइट होती. वाशीमहून यायची तार शनिवारी संध्याकाळपर्यंत आली नाही. त्यामुळे रविवारी सकाळी बाबा दुकानात बसले आणि ही त्यांच्या शेजारी बसून तार सोडत राहिली. टोपडं सोमवारी बसनं जाणाऱ्या गावातल्या एका बाईंच्या हाती गेलं. शेवटची ओळ होती, मला राग आला होता पण मोटर सुरू झाल्याचा फोन आला तेव्हा बाबा हसले.

मी वाचलं आणि खाली 'शाबास' लिहिलं. इतकं मोठं वाक्य नववीच्या वहीत मी तोवर पाहिलं नव्हतं. मग घंटा झाली. खडू घेऊन फळ्याकडे गेलो आणि मनात हिशेब केला, की पाळण्याची जोडी मागच्या आठवड्यात झाली आहे, आज मोडण्याची आहे, एका दिवशी एकच जोडी. म्हणून फक्त दुसरं वाक्य लिहिलं. मराठी करताना तेही छोटं केलं. 'माझ्या वडिलांनी शब्द मोडला.' खाली इयत्ता नववी, तिचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, आडनाव. अक्षर सुबक आलं होतं. दोन पावलं मागे होऊन मी ते पाहिलंही. त्या दिवशी गावचा बाजार होता.

तीन दिवसांनी दुपारच्या सुट्टीत मी त्यांच्या दुकानाला लागून असलेल्या हॉटेलात चहाला बसलो होतो. मधे नुसतं पत्र्याचं कूड. पलीकडे बाकावर तिघे-चौघे होते आणि मिस्त्री काम करत होते.

"आता वार सांगू नका मिस्त्री," एकजण म्हणाला. "तुमच्या घरचीच साक्ष लागली ना फळ्यावर."

"पोरगी शिकून राह्यली बे," दुसरा म्हणाला. "खरंच लिहीन ते. तुह्या पोरासारखं थोडीच हाये."

सगळे हसले. त्यात वाईट कुणाच्या मनात नव्हतं. गावात नवीन काही सापडलं की ते आठ दिवस चघळतात, तसं ते होतं. मिस्त्री "हो ना" एवढंच म्हणाले. मग एकानं आपल्या मोटरीचं काढलं आणि कधी मिळेल विचारलं. मिस्त्रींनी गुरुवार सांगितला. तो म्हणाला, "पक्कं ना? नाही त फळ्यावर येईन पुन्यांदा." पुन्हा हसणं झालं. ते ओसरल्यावर मिस्त्री म्हणाले, "मंग असं करा. होईन तवा होईन. वार नाही सांगत मी."

मी चहा अर्धा टाकला आणि मागच्या बाजूनं निघालो.

त्यानंतर त्यांनी खरंच वार सांगणं सोडलं. थट्टा आठ दिवसांत विरली असती, पण वार न सांगणाऱ्या मिस्त्रीकडे मोटर टाकून कुणी कशाला जाईल. ज्याची घाई तो रिसोडला नेऊ लागला. हंगाम ऐन भरात होता. दुकानापुढे एरवी मोटरींची रांग असायची. शाळेत जाता-येता मला ती रांग कमी होताना दिसायची. जानेवारीच्या शेवटी एखाद-दुसरी उरली. मी गाडी जोरात काढायचो.

मुलीनं वाक्यं देणं बंद केलं. विचारलं की उभी राहायची आणि "नाही आणलं सर" म्हणायची. तिची वही माझ्याकडेच होती. मेळाव्यात दाखवायला म्हणून मी सगळ्यांच्या वह्या घेतल्या होत्या. मेळावा झाला, मी भाषण केलं, टाळ्या घेतल्या आणि सगळ्यांच्या वह्या परत दिल्या. तिची तेवढी कपाटात ठेवली, कारण तिच्यात दोन वाक्यं होती. तिनं दोनदा मागितली. दोन्ही वेळा मी उद्या देतो म्हणालो.

गावातली चर्चा मुख्याध्यापकांपर्यंत गेली. त्यांनी मला बोलावून विचारलं की हे वाक्य असं कसं गेलं. तेव्हा मी ते बोललो. म्हणालो, पोरीनंच लिहून दिलं होतं, आपण घडलेलं लिहायला सांगतो, मुलं लिहितात. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं आणि सगळंच खोटं होतं. त्यांनी मुलीला बोलावलं. ते कडक नाहीत. नीट समजावलं की बाई, घरातली गोष्ट चारचौघांत लिहू नये, वडिलांना त्रास होतो. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खडूच्या डब्यातले तुकडे वेगळे करत होतो. ती "हो सर" म्हणाली आणि गेली.

त्याच आठवड्यात पुस्तकात 'टेक द ब्लेम' ही जोडी आली. मी वर्गात दोषाचं उदाहरण द्यायला उभा राहिलो आणि मला एकही माणूस सुचेना. शेवटी शेळीचं दिलं. शेळीनं पाला खाल्ला आणि दोष गाईवर आला. पोरं हसली. मिस्त्रींची मुलगी पहिल्या बाकावर खाली मान घालून लिहून घेत होती.

फेब्रुवारीत शाळेच्या बोअरची मोटर जळली. मुलांना प्यायला पाणी नाही. मुख्याध्यापक म्हणाले, रिसोडला पाठवा, आपले मिस्त्री हल्ली वार सांगत नाहीत. पण शिपायानं तोवर ती हातगाडीवर घालून वळणावरच्या दुकानात नेलीही होती. परत येऊन तो म्हणाला, "शुक्रवारी, परिपाठाच्या आंधी, असं म्हणे मिस्त्री. शाळेची हाये म्हणून सांगतो म्हणे."

शुक्रवारी मी फाटकातून आत आलो तेव्हा टाकी वाहत होती. मिस्त्री स्वतः आले होते, मोटर बोअरमध्ये सोडून, पाइप जोडून, नळाखाली हात धूत होते. मला पाहून ओल्या हातांनीच नमस्कार केला आणि व्हरांड्यात आले. मला वाटलं, आता ते विचारणार. मी उत्तराची तयारी करू लागलो.

"सर, पोरगी तुमच्या तासाले वाक्य देत नाही म्हणे," ते म्हणाले.

मी हो म्हणालो.

"तिले वाटते मी रागावलो. मी त एका शब्दानं बोललो नाही तिले. माहा डबा घेऊन यायची रोज दुकानात, तेही सोडलं. तुमी सांगा न सर. खरं तेच लिवलं तिनं. नेतो म्हणलं होतं, नेलं नाही. मंग काय खोटं लिहीन काय ते?"

ओले हात त्यांनी फडक्याला पुसले.

"तुमचं ऐकते. तुमी लय मेहनत घेता लेकरांवर."

मी म्हणालो, "सांगतो." एवढंच. ते कपाट तिथून दहा पावलांवर होतं आणि किल्ली माझ्या खिशात होती. त्यांनी मला दोष दिला असता तर मी वाद घातला असता, स्वतःला ओळखतो मी. पण हा माणूस आपल्या लेकीला माफ करून माझ्याकडे निरोप घेऊन आला होता आणि वर माझेच आभार मानत होता. ज्या गोष्टीसाठी त्यानं तिला माफ केलं ती तिनं केलीच नव्हती. दिवसभर मला वर्गात नीट उभं राहवलं नाही. पोरं मधल्या सुट्टीत त्या नळाचं पाणी पीत होती.

तरीही मी आणखी तीन आठवडे घालवले. रोज ठरवायचो, रोज काहीतरी निघायचं. घरी बायकोला सांगितलं. पोळी लाटता लाटता तिनं विचारलं, "वही कुठं आहे?" मी म्हणालो, कपाटात. ती म्हणाली, "कुणाच्या कपाटात?" मग मला झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या मुलीला व्हरांड्यात थांबवून वही तिच्या हातात दिली.

तिनं ते पान उघडलं, पाहिलं आणि मिटलं. मी म्हणालो, मी गाळलं होतं, आणि मुख्याध्यापकांना खोटं सांगितलं ते मीच. तू घरी का सांगितलं नाहीस?

"काय सांगू सर," ती म्हणाली. "वही तुमच्यापाशी होती. दोन वाक्यं होते म्हणलं असतं, त दाखवलं काय असतं? बाबा म्हणले असते, सरांवर ढकलून राह्यली."

तिच्या आवाजात राग नव्हता. हे तिनं खूप आधी विचार करून ठेवलेलं होतं आणि मी विचारलं म्हणून ती सांगत होती, इतकंच. मी म्हणालो की मी तुझ्या वडिलांना सांगणार आहे, संध्याकाळी घरी येतो. तिनं थोडा विचार केला.

"घरी नका येऊ. दुकानात सांगा. घरी त कोणी काही म्हणतच नाही त्याईले."

पंधरा वर्षांच्या मुलीनं मला माझा विषय शिकवला. मी इतकी वर्षं पोरांना सांगत होतो की शब्द कुठे आणि कुणासमोर बोलला गेला ते बघा, त्याशिवाय त्याला अर्थ नाही. आणि स्वतःची माफी मात्र मी दार लावून मागायला निघालो होतो.

पुढे काय झालं ते इथेच सांगतो. सगळं पूर्वीसारखं झालं असं नाही. रिसोडला मोटर नेणारे दोघे-तिघे अजून रिसोडलाच नेतात. पण मिस्त्री पुन्हा वार सांगू लागले आणि या वर्षीच्या हंगामात दुकानापुढे रांग आहे. मी मुख्याध्यापकांनाही खरं सांगितलं. त्यांनी मुलीला बोलावून, आपण तिला न विचारता बोललो, ते आपलं चुकलं, असं तिला स्वतःहून सांगितलं. मोठ्या खुर्चीवरच्या माणसाला हे किती जड जातं ते मला ठाऊक आहे, म्हणून त्यांचाही मी ऋणी आहे. मुलगी दहावीत आहे. दुपारचा डबा दुकानात तीच नेते. वाक्यं देते आणि ती हवीत त्यापेक्षा मोठीच असतात. मी ती पूर्ण लिहितो, फळा भरला तरी. लिहिण्याआधी ज्याचं त्याला विचारतो, आणि खाली फक्त त्याचं स्वतःचं नाव टाकतो. पूर्वी फोटो काढणारे बाप थोडे नाराज आहेत. असू देत.

मिस्त्री मला अजूनही आधी नमस्कार करतात. मी आधी करायचा ठरवून जातो, पण त्यांचा हात माझ्याआधी उठतो. त्या बापलेकीनं माझ्याशी बोलणं टाकलं असतं तर गावात कुणी त्यांना नावं ठेवली नसती. माझा वर्ग, माझी जोडी, परिपाठातलं माझं तोंड उघडणं, हे सगळं आज चालू आहे ते त्यांनी चालू दिलं म्हणून. हे मी रोज आठवतो, आणि ते आठवताना आता मला लाज कमी वाटते, बरं जास्त वाटतं.

तर आम्ही दुकानात गेलो तो, वही परत दिली त्याच आठवड्यातला शनिवार. शाळा सकाळची होती. सुटल्यावर मी आणि ती चालत वळणावर गेलो. मार्चचं ऊन लागत होतं. वही तिनं दप्तरातून काढून माझ्या हातात दिली. बाकावर चौघे बसले होते, त्यातल्या दोघांचे आवाज मी कुडापलीकडून ऐकलेले होते. मिस्त्रींनी लेकीला माझ्याबरोबर पाहिलं आणि ते उठले. स्टूल फडक्यानं पुसलं आणि म्हणाले, "बसा सर." मी बसलो नाही. तिला काही झालं की काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं, म्हणून मी घाईनं वही उघडली आणि दोन्ही वाक्यं वाचली. आधी इंग्रजीत, मग मराठीत. मग त्या रविवारची हकीकत, बारसं, टोपडं, वाशीमची तार, दुपारचा वायदा, तिनं लिहिली होती तशी शेवटच्या ओळीपर्यंत. बाकावरच्या एकानं हातातला तंबाखू तसाच धरून ठेवला होता.

वाचून झालं आणि पुढचं मी शाळेतल्या मराठीत बोलायला गेलो, पण ती तोंडात येईना. आसेगावच्या घरी बोलतो तीच आली.

"मिस्त्री, तुमच्या लेकीनं हे दोन्ही लिवलं होतं. पयलं मी गाळलं. तुमी शब्द पाळला, ते गाळलं आन मोडला तेवढं तुमच्या नावासकट रस्त्यावर लावलं. मुख्याध्यापकांनी विचारलं तं मी पोरीवर ढकललं. तुमी शाळेत आले, मले म्हणले पोरीले समजावा, तवाही मी चूप बसलो. वही माह्याच कपाटात होती. तुमी शब्द मोडणारे नाही, हे या चौघांसमोर सांगतो, कारण यांच्यासमोरच ते तुमाले ऐकावं लागलं. चूक तुमची नाही. तिची त नाहीच नाही. माही हाये. मी तुमची माफी मागतो मिस्त्री. आन बाई, तुही पण मागतो."